मागचे चार बाईट

माझ्याच शिफारशीवर तो आमच्या कंपनीत लागला, हे आधी सांगून टाकतो. कॉलेजपासूनचा मित्र, सावनेरचा. तेव्हापासून मी त्याच्यावर जळून राहिलो आहे.

आम्ही नागपुरात बसून नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर, म्हणजे ती कार्डं चालवणारे प्रोग्राम, लिहितो. कार्डाकडून आलेल्या प्रत्येक निरोपाला पुढे पत्ता आणि मागे तपासणीचे चार बाईट चिकटलेले असतात. निरोप बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या ठरावीक मापाच्या खणात, येऊन पडतो; तिथे दोन्ही टोकं कापायची आणि मधला मजकूर वर पाठवायचा. कापणारा कोड माझा. टीम लीडची जागा रिकामी होणार होती आणि ती मलाच मिळणार, असं मी बायकोलासुद्धा सांगून बसलो होतो.

नेमकं तेव्हाच, मोठा निरोप आला की अख्खं मशीन आडवं व्हायला लागलं. मी आठवडाभर डोकं फोडलं, काही सापडेना. हा बुवा तर्री-पोहे हाणून आला आणि माझ्या खुर्चीमागे उभा राहिला.

"मोठा निरोप एका बफरमध्ये मावत नाही बे, तुकड्यांत येते," तो म्हणाला. "शेवटच्या तुकड्यात दोनच बाईट असले तं? तू तिथूनच चार काहून कापून राहिला गा? बाकीचे दोन त्याच्या आधीच्या तुकड्यातून काप ना!"

बरोबर होतं. अगदी बरोबर होतं, म्हणून तर अंगाचा तिळपापड झाला! साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. मीही टाळ्या वाजवल्या, दात काढून.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. लीड त्याला करायचं ठरलं होतं. मी अभिनंदनासाठी हात पुढे करणार, तोच हा म्हणतो, "सर, याले करा. मले पुण्याले नोकरी लागली, मी चाललो."

पुण्याला! आणि मला पत्ताही नाही!

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "ठीक आहे, मग तू कर," म्हणाले. सुट्टे नसले की दुकानदार हातावर चॉकलेट ठेवतो, तसं.

संध्याकाळी बायकोनं देवापुढे पेढे ठेवले.

"झालं न जी तुमच्या मनासारखं?"

"झालं ना," मी म्हणालो. हवं होतं तेच मिळालं होतं, फक्त त्याला नको होतं म्हणून.