वजन होईपर्यंत कूलर बंद

फोन आला तेव्हा प्रयोगशाळेतली भट्टी तापलेली होती. मॅडमचे भाऊ बेशाच्या घरून बोलत होते. "ताई गेली वं," म्हणाले… आणि मग, "दुपारी नेऊन राहिलो. येशील नं तू?"

मी आर्गॉन वायूच्या सिलिंडरकडे पाहिलं. काटा पार खाली आला होता. भट्टीच्या नळीत मॅडमनी आजारी पडण्याआधी स्वतः तोललेली शेवटची पूड होती. कोळशाच्या पृष्ठभागावर लोखंडाचा एकेक अणू सुटा बसवायचा, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करायला महागडं प्लॅटिनम लागणार नाही, यावर त्यांनी सगळी नोकरी घातली होती. आमचा शोधनिबंध परत आला होता. हे सुटे अणू नाहीत, गोळे आहेत, असं परीक्षकाचं म्हणणं. रामदासपेठेतल्या दवाखान्यात मॅडम मला म्हणाल्या होत्या, "गोळे असले तं असले. पण पाहून घे." नळी गार होण्याआधी आर्गॉन संपला असता, तर हवा आत शिरून सगळं जळालं असतं. सुटीचा दिवस होता, सिलिंडर बदलायला दुसरं कुणी नव्हतं.

"काका, भट्टी चालू आहे."

पलीकडे कुणाचं तरी रडणं ऐकू येत राहिलं…

"मंग बस तिथंच," ते म्हणाले. "आली असती तं तिनंच वापस धाडलं असतं तुले."

मी बसले. सिलिंडर बदलला आणि नळी गार होईपर्यंत काटा पाहत राहिले.

मला मॅडमची भीती वाटायची. इंग्रजी शाळेतली मी, मराठीत अडखळले की त्या म्हणायच्या, "अणूचं भेव वाटून राहिलं का मराठीचं? एक ठरव." लोखंडाचा क्षार तोलताना त्या भर मे महिन्यात कूलर बंद करायच्या. कूलरच्या ओलसर हवेत क्षार पाणी पितो, वजन चुकतं. घाम पुडीत पडू नये म्हणून कपाळाला दुपट्टा बांधायच्या. आम्ही आत शिजत असायचो, पण बोलायची हिंमत नव्हती.

मागच्या आठवड्यात त्या पुडीची सूक्ष्मदर्शकाखालची छायाचित्रं आली. काळ्यावर पांढरे ठिपके, सगळे सुटे सुटे… आणि एका कोपऱ्यात एक गोळा. तो चुकून आलाय की पुन्हा येणार, हे नव्यानं पूड केल्याशिवाय कळणार नाही.

काल काका मॅडमची पुस्तकं न्यायला आले, घामाघूम. मी वजनकाट्यासमोर होते, क्षाराची बाटली उघडी.

"कूलर काहून बंद ठेवला वं?"

"थोडं थांबा काका. वजन होऊ द्या."

गळ्यातला दुपट्टा काढून त्यांनी माझ्यापुढे धरला.

"कपायाले बांध," म्हणाले. "घाम पडन त्याच्यात."