वडिलांसाठी घेतलेली चादर

नव्या गावात गेलो की देवळाआधी मी बाजार शोधतो. सोलापूर काही आता नवं राहिलेलं नाही, तरी पूर्व भागातल्या एका चादरीच्या दुकानात माझी चक्कर होतेच. तिथल्या मालकांचं नाव मी कधी विचारलं नाही. घरच्यांशी ते तेलुगूत बोलतात, गिऱ्हाइकाशी सोलापुरी मराठीत. एक चादर मागितली की चार उलगडतात, त्यांवरचे मोर उजेडाकडे धरतात. नको म्हटलं तर म्हणतात, "बघा की, बघायला काय हुतंय?" घाईतल्या माणसाला वैताग येतो. मलाही येतो.

मागच्या मे महिन्यात मी तिथं असताना एक तरुण आला. हातातल्या पिशवीतली नवीकोरी चादर त्याने आजारी वडिलांसाठी तिथूनच नेली होती. तो घरी पोचायच्या आत वडील गेले होते.

"परत घेता का?" त्याने खाली बघतच विचारलं.

"न्हाय, परत न्हाय घेत."

मला ते फार कोरडं वाटलं. मी मध्ये बोलणार, तेवढ्यात मालकांनी चादर पिशवीतून काढली.

"ही तुमच्या वडलांची हाय की. दुसऱ्याला कशी विकू? तुमी पांघरा."

त्या उकाड्यात त्यांनी ती त्याच्या खांद्यावर टाकली. तो तिथंच गादीवर बसून रडू लागला. मालकही शेजारी बसले. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी हातानेच थांबवलं.

बऱ्याच वेळाने तरुण उठला. "येतो काका," म्हणाला, आणि चादर अंगावर तशीच ठेवून उन्हात चालू लागला.