तिसऱ्या दिवशी भाकर उलटायची

“आधी हात धुवा, मग देवबाप!”

बाईंचा वर्ग असाच सुरू व्हायचा. नेवाशाजवळच्या आमच्या गावात प्रभुभोजनाची भाकर घ्यायची, तर आधी बाईंकडे विश्वासाचे धडे गिरवायचे आणि मग चर्चमध्ये सगळ्यांसमोर विश्वासांगीकार तोंडपाठ म्हणायचा, अशी रीत. आता तुम्ही म्हणाल, बाईंचा फळा कुठे होता? मंडळी, फळा नव्हताच. चूल होती. दिवसभर रानात राबून आलेल्या बाया आणि लाजून अर्धे झालेले आम्ही पुरुष त्या धुरात बसायचो. बाईंचा चेहरा मधूनच दिसायचा, मधूनच विरघळून जायचा.

विश्वासांगीकाराची एकेक ओळ भाकरीवर बसवलेली: भाकर थापताना देवबाप, ज्याने आकाश आणि पृथ्वी केली. तव्यावर टाकताना येशूचं दुःख आणि मरण. वरून पाण्याचा हात फिरवताना तो पुरला गेला. आणि “तिसऱ्या दिवशी उठला” म्हणताच भाकर उलटायची! पवित्र आत्म्यापाशी ती टम्म फुगायची. माझी मात्र कधीच नाही.

“बाई, आत्मा येईना.”

“तुजा जाळ कमी पडला. त्येचा न्हाई.”

मार्था त्यांची लाडकी. लग्न होऊन आली तेव्हापासून दर प्रभुभोजनाला सासू पुढे जायची आणि ही मागच्या बाकावर हात चोळत बसायची. “बाई, ऊसतोडीला जायाच्या आदी एकडाव माज्या बी हातावर भाकर पडू द्या,” एवढंच तिचं मागणं. टोळीचा टेम्पो सोमवारी निघणार होता. हातात उरला एक रविवार.

त्या रविवारी चर्चमध्ये मी पेटीवर, सगळं नाटक समोर. पाळकसाहेब नवे, शहरातले. मार्था नवं लुगडं नेसून, हात जोडून उभी. सुरुवात झकास. पण “मेला, पुरला गेला” इथे गाडी थांबली ती थांबलीच.

“पुढे?” पाळकसाहेब म्हणाले.

पुढे काही नाही. प्रभू थडग्यातच! कुणी खाकरलं. सासूचा धीर सुटला. “अगं, उठीव की त्याला!”

मार्थाचे डोळे भरले. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. थप, थप, थप. बाई रिकाम्या हातांनी भाकर थापत होत्या.

“हात सोड गं पोरी. उलट ती!”

मार्थाचे जोडलेले हात सुटले, हवेतच थापू लागले, तळवा गर्रकन उलटला आणि “तिसऱ्या दिवशी उठला!” असं ती इतक्या जोरात म्हणाली की पत्र्यावरची कबुतरं उडाली. पाळकसाहेबांनी हसू मिशीत दाबलं आणि तिच्या हातावर भाकर ठेवली. ती तिने किती हळू खाल्ली म्हणून सांगू! पेटीचा सूर धरून माझं बोट दुखायला लागलं.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. टोळ्या परतल्या होत्या, म्हणून मार्था होती. कबरीभोवती आम्ही मूठमूठ माती घेऊन उभे होतो आणि विश्वासांगीकार म्हणत होतो. “पुरला गेला” म्हणताना सगळ्यांचेच आवाज बसले.

मग मार्थाने एकटीने म्हटलं, “तिसऱ्या दिवशी...”

आणि कुणीही न सांगता आमचे सगळ्यांचे हात उलटले.