पाठ बघणारे काका

अलिबागच्या किनाऱ्यावर होड्यांच्या शर्यतीचा सराव करताना माझ्या कमरेत अशी चमक भरली की वल्हं हातातून सुटलं. सोबत्यांनी मला कोळीवाड्यातल्या पाठ बघणाऱ्या काकांकडे नेलं. तरुणपणी तेही होडी वल्हवायचे. आता ते स्वतःच कमरेत वाकून चालत होते. माझा निम्मा विश्वास दारातच उडाला.

हाडं कडकन वाजवतील म्हणून मी दात आवळून पालथा पडलो. त्यांनी पाठीवरून नुसता अंगठा फिरवला आणि पायाला मुंग्या येतात का, ते विचारलं. मी नाही म्हणालो.

“आल्या असत्या तर सरळ डॉक्टरकडं धाडलं असतं,” ते म्हणाले. मग मला पाटावर बसवून, पाय उंबऱ्याला टेकवून, हातात झाडू दिला आणि वल्हवायला लावलं. स्वतः चहा पीत बघत राहिले.

“साहेब, पाठ बिचारी राबते, नि पाय फुकट पगार खातात. जोर पायांनी लावा.”

मी झाडू ओढत विचारलं, “मग रविवारी शर्यतीला उतरू ना?”

“न्हाय. या वर्षी काठावर बसा.”

मी तोंड पाडलं. ते हसले. “मी पन अशीच दुखती कंबर घेऊन उतरलेलो. जिंकलो बी. सगल्यांनी खांद्यावर घेतला. मंग दुखन्याकडं कोन बघतो? वल्हवतच राहिलो.”

रविवारी आमची होडी माझ्याविना दुसरी आली. मी काठावरून ओरडत होतो. काका मात्र होडीतून उतरणाऱ्या एकेकाची कंबर न्याहाळत होते.