गोल घराची चूल

काल अंगणातली जुनी भिंत पाडताना मजुराने पाणी मारलं आणि ओल्या पांढऱ्या मातीचा वास आला.

लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आठवला. लोणारजवळच्या आमच्या गावात पावसाआधी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, पांढरी माती टाकत आणि ती टेकडीच्या उतारावरून आणत. सासूबाई आणि मी खणत असताना कुदळीखाली चोपलेली जमीन लागली. माती बाजूला करत गेलो तशी ती गोल निघाली, कडेने खांबांचे खळगे. मी मोजून पाहिलं. आरपार सात हात.

"काऊन वं, माहेरी मोजणंच शिकवलं का तुले?" सासूबाई हसल्या. मग मधोमध राखेने भरलेली चूल दिसली आणि त्यांनी कुदळ ठेवली. "बुजव हे."

"आत्याबाई," मी सासूबाईंना म्हटलं, "एवढी चांगली माती दुसरीकडं नाही. धाबं गळन."

"गळू दे. कोन्या बाईनं सारवेल हाय ते."

आम्ही ते बुजवलं आणि उताराच्या पायथ्याची रेताड माती नेली. हजारो वर्षांपूर्वीचे शेतकरी अशा गोल घरांत राहत, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. तेव्हा मला तो नुसता हट्ट वाटला होता. आज वाटतं, शेवटचा स्वयंपाक उरकून त्या चुलीपुढून कुणीतरी उठलं असेल.

त्या पावसाळ्यात धाबं गळलंच. सासूबाईंनी गळतीच्या कडेला स्वतःचं अंथरूण घातलं आणि मला कोरड्या कोपऱ्यात निजवलं.