चौथ्या नियमापुढचे शून्य

पदविका प्रवेशाचे अर्ज नुकतेच ऑनलाइन झाले होते, तेव्हाची गोष्ट. विरारच्या आमच्या महाविद्यालयात गणिताबरोबर संगणक कक्षही माझ्याकडे होता. एक लाइन वारंवार बंद पडते म्हणून दोन कंपन्यांच्या इंटरनेट लाइन घेतल्या होत्या, आणि दोन्हींवर काम वाटून देणारे लोड बॅलन्सर नावाचे यंत्र. कोणती वाहतूक कोणत्या लाइनने जावी, याचे नियम त्यात मीच लिहिले, वर्गात शिकवतो त्याच शिस्तीने: आधी सर्वसाधारण नियम, मग अपवाद. पहिला नियम, सर्व वाहतूक दोन्ही लाइनींवर आळीपाळीने. चौथा, लॉगिन करून वापरायच्या संकेतस्थळांची वाहतूक फक्त पहिल्या लाइनने. कारण मध्येच लाइन बदलली, तर पलीकडच्या संकेतस्थळाला माणूसच बदलला असे वाटते आणि ते त्याला बाहेर काढते.

नियम घातले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, अर्जाच्या शेवटच्या दिवशी, चांदीप गावाहून एक शेतकरी मुलीला घेऊन आला. अर्ज पाच वाजेपर्यंतच घेणार होते. मुलीने तीन पाने भरली आणि 'पुन्हा लॉगिन करा' अशी सूचना आली. पुन्हा भरली, पुन्हा तेच.

"घाईत भलतेच बटण दाबतेस तू," मी म्हणालो.

"नाही सर, 'पुढे जा' तेवढंच दाबलं."

"मग सूचना उगीच येते?"

तिसऱ्या वेळी मी स्वतः बसलो. मलाही बाहेर काढले. मी वायरी बदलल्या, यंत्र बंद करून सुरू केले, कंपनीला फोन लावून वीस मिनिटे नुसते संगीत ऐकले. चार वाजून गेले. नियमांची यादी पडद्यावर उघडून एकेक ओळ तपासली. शब्द न् शब्द बरोबर होता, आणि त्याचाच अधिक संताप येत होता.

मुलीचे वडील मागे उभे होते. "सर, रागवू नका. वरच्या ओळीपुढं आकडा पळतोय, नि या खालच्यापुढं शून्यच. याच्याकडं कोनी येतच नाय का?"

तो आकडा म्हणजे त्या नियमाने किती वेळा काम केले, याची मोजणी. सकाळी ते शून्य मीही पाहिले होते आणि अपवादाची गरजच पडली नाही, असा अर्थ लावला होता. यंत्र मात्र वरून खाली वाचते आणि लागू पडणारा पहिला नियम सापडला की तिथेच थांबते. माझ्या पहिल्या नियमात सगळेच बसत होते. खालचे त्याने कधी वाचलेच नव्हते. शेवटपर्यंत ऐकून घेण्याची अपेक्षा मी विद्यार्थ्यांकडून ठेवू शकत होतो, यंत्राकडून नव्हे.

चौथा नियम उचलून सर्वांत वर नेला. अर्धे मिनिट लागले. पाचला दहा मिनिटे कमी असताना अर्ज स्वीकारल्याची पावती छापून निघाली.

"सर होते म्हनून झालं," वडील म्हणाले.

"चूक माझी होती. तिची नव्हती."

"असू द्या हो, झालं ना!"

मुलीने पावती दोनदा वाचली, मग माझ्या टेबलावरचे पेन उचलून अर्जाचा क्रमांक तळहातावरही लिहून घेतला.