पहिला आकडा

जेवण झालं आहे. खिडकीवर चादर टांगून मी आरामखुर्चीत पडलो आहे, पण झोप लागत नाही. टेबलावरचा कॉम्प्युटर चालू आहे आणि त्यावरची एक रिकामी चौकट माझी वाट बघते आहे. तिच्यात नव्या आवृत्तीचा आकडा म्हणून ४.७.३ भरायचं की ५.०.०, हे मला पाच वाजेपर्यंत ठरवायचं आहे.

दिगंबर आठल्ये असता तर हे माझ्यावर आलं नसतं. तो तंत्रनिकेतनात गणित शिकवायचा, मी इथे कऱ्हाडलाच एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावर त्याने तिथी काढणारी एक प्रणाली लिहिली आणि सगळ्यांसाठी खुली ठेवली. कुणीही फुकट घ्यावी, आपल्या ॲपमध्ये बसवावी. गणित त्याचं, पुस्तकांतून नियम शोधून देणं माझं. तो जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून प्रणालीच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. मला त्यातलं थोडंच कळतं, आणि जे कळतं त्याचीही खात्री वाटत नाही.

गेल्या आठवड्यात, नागपूरला आमच्या प्रणालीवर पंचांगाचं ॲप चालवणाऱ्या रेवती बोबडे यांनी कळवलं, की त्यांच्या वडिलांच्या श्राद्धाची तारीख छापील पंचांगापेक्षा एक दिवस पुढे येते आहे. त्यांचं बरोबर होतं. श्राद्धाला दुपारची तिथी बघतात. आमची प्रणाली सूर्योदयाची बघत होती. दुरुस्ती चार ओळींची, ती मी केली. अडलं आहे ते आकड्यापाशी. शेवटचा आकडा वाढवला, की सगळी ॲप्स नवी प्रत आपोआप, न विचारता उचलतात. पहिला वाढवला तर ती जागच्या जागी थांबतात. ज्याचं ॲप आहे त्याने सोबतची टीप वाचायची, काय मोडणार आहे ते बघायचं आणि मग स्वतः नवी प्रत घ्यायची. म्हणजे टीप लिहावी लागणार. इतकी वर्षं काय चुकत होतं ते सांगावं लागणार. गेलेल्या माणसाची चूक मी चारचौघांत कशी मांडू?

पितृपक्ष बारा दिवसांवर आहे. रेवतीताई आज पाच वाजता आपल्या ॲपमधले बदल थांबवणार आहेत; त्यानंतर आलेली प्रत पितृपक्ष संपेपर्यंत त्यात बसणार नाही.

शेवटचाच वाढवावा, असं मनात येतं. कुणाला कळणारही नाही. पापण्या जड होतात. पंख्याची खरखर आता लाकडी खण उघडल्यासारखी ऐकू येते.

"काय ग्रंथपाल, कुणाला कळणार नाही?"

दिगंबर काउंटरच्या पलीकडे उभा आहे. तपकिरी स्वेटर, चष्मा नाही. तो गेलेला आहे हे मला माहीत आहे, पण तसं बोलून दाखवणं बरं दिसणार नाही. माझ्या हातात ग्रंथालयाचा तारखेचा शिक्का आहे, रबरी पट्ट्या फिरवायचा. पट्ट्यांवर ४ ७ २. दिगंबरच्या मागे लांबलचक रांग.

मी विचारतो, ही कोण माणसं?

"तुझे वाचक," तो म्हणतो.

मी शेवटची पट्टी एक घर पुढे सरकवतो आणि शिक्का मारतो. काउंटर थंड लागतो, ओला लागतो. तो दगडाचा आहे. आम्ही संगमावरच्या घाटावर आहोत आणि रांगेतली माणसं पायऱ्यांवर पानं मांडून बसली आहेत. सगळ्यांच्या खिशातले फोन एकदम थरथरतात. सगळे एकदम खाली बघतात. मग एकेक जण उठायला लागतो. कुणाचं तर्पण अर्धं झालेलं, कुणाचे गुरुजी अजून वाटेत. एक बाई हातातला भाताचा पिंड तसाच धरून माझ्यासमोर येते.

"आज आहे म्हणाला होतात ना?"

मी सांगतो, की ते चुकलं होतं, आता दुरुस्त केलंय.

"मला न सांगता?" ती म्हणते. "मग गेल्या वर्षीचं कुणाला पोचलं?"

पाणी एक पायरी वर चढलेलं आहे.

पुढची पायरी दिगंबरच्या स्वयंपाकघरात उतरते. त्याची बायको, सुमतीवहिनी, पान वाढताहेत. अळूची भाजी, खीर, वडे. दिगंबर उंबऱ्याच्या बाहेरच थांबतो.

"गेल्या वर्षी मी गुरुवारी आलो," तो हळू आवाजात सांगतो. "पान शुक्रवारी मांडलं. तिने तुमच्याच तारखेवर विश्वास ठेवला."

"आमच्या नाही, तुझ्या," मी म्हणतो. "तुझी चूक आहे ती, दिगंबर. मी ती झाकतोय."

तो हसत नाही. स्वेटरच्या खिशातून ग्रंथालयाचं एक कार्ड काढून माझ्या हातात देतो. अक्षर माझं आहे. 'श्राद्ध: सूर्योदयाची तिथी धरावी.' खाली माझी सही.

मला ती दुपार आठवते. व्रतांचा नियम वाचला आणि श्राद्धालाही तोच असेल असं धरून मी पुस्तक मिटलं होतं.

"गुरुजींना विचारून घे म्हणालो होतो मी तुला."

"नाही विचारलं. एवढंही येत नाही म्हणतील असं वाटलं."

"माझं गणित बरोबर होतं," दिगंबर म्हणतो. त्यात राग नाही, म्हणून ते जास्त लागतं.

पाणी उंबऱ्याला टेकलं आहे. वहिनी पाठमोऱ्या, अजून वाढतच आहेत. मी शिक्का उलटा धरतो आणि पहिल्या पट्टीवर अंगठा दाबतो. ती हलत नाही. मी म्हणतो, काही जण टीप वाचणारच नाहीत, चुकीच्या तारखेवरच राहतील.

"मग एकेकाला पत्र लिही."

"अनोळखी माणसांना?"

"हो. सही करून."

मी शिक्का त्याच्यापुढे धरतो. तूच फिरव. तो दोन्ही हात मागे घेतो.

"कार्डावर माझी सही नाही."

घड्याळात ठोके पडायला लागतात. मी सगळा जोर अंगठ्यात आणतो. पट्टी करकरते, अडते, आणि फिरते.

पंखा. चादरीच्या कडेने आत आलेलं ऊन. पाचला वीस मिनिटं कमी आहेत.

माझा उजवा अंगठा जांभळा झाला आहे, नखाच्या कडेपर्यंत. निवृत्त होताना घरी आणलेला शिक्का कपाटात खालच्या खणात आहे. शाईची डबी मी उघडून बघतो. झाकण गंजलेलं, आतली गादी आठ वर्षांपूर्वीच वाळून तडकलेली.

मी हात धूत नाही. टेबलाशी बसून चौकटीत ५.०.० लिहितो. टिपेची पहिली ओळ दोनदा खोडतो, मग लिहितो: 'श्राद्धाच्या तारखेचा नियम मी चुकीचा सांगितला होता.' खाली पूर्ण नाव. पाचला सात मिनिटं असताना प्रत रवाना होते.

पत्रं संध्याकाळी लिहीन. आधी सुमतीवहिनींना सांगायला हवं. फोनवर त्यांचं नाव सापडतं, आणि मी ते दाबतो तिथे काचेवर जांभळा ठसा उमटतो.